हाडांतला ठणका आणि रक्तातला विळा

कामगार चळवळीतल्या माणसाने एका रोगावर बोलायला उभे राहावे, हे काहींना वावगे वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेशी आमचा संबंध नववीतच सुटला. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या वस्त्यांत. परंतु एखादी तक्रार पुन्हा पुन्हा समोर आली, की तिच्या मुळाशी जाणे हे आमचे नित्याचे काम आहे. अकोल्याच्या डाळ मिलांत, अमरावती-बडनेऱ्याकडच्या जिनिंगांत, बाजार समित्यांच्या आवारांत ऐन तिशीतली माणसे लंगडताना आम्ही पाहिली आहेत. विचारावे तर उत्तर ठरलेले, "हाडं ठणकतात." पुष्कळांचा ठणका कामाचा असतो, पोती वाहून पाठ कोणाची राहते? पण काहींचा ठणका जन्माबरोबर आलेला असतो, आणि त्याचे मूळ हाडात नसून रक्तात असते. त्या रोगाला सिकलसेल म्हणतात. आपल्या भागात हा रोग आहे, हे नागपूरच्या संशोधकांनी १९५८ सालीच छापून सांगितले. रक्तातला दोष हाड कसा मोडतो, तो कोणी कसा ओळखला, आणि ही विद्या हमालाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली का, एवढाच आजचा विषय.

प्रथम निरोगी रक्त पाहू. आपल्या रक्तातली तांबडी पेशी वाटोळी, मध्ये दबलेली आणि अतिशय मऊ असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले सात-आठ. ज्या केशवाहिन्यांतून तिला वाट काढायची, त्यांतल्या कित्येक तिच्याहूनही अरुंद. तरी ती अडत नाही. ओल्या फडक्यासारखी दुमडते आणि पलीकडे निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन असते. फुप्फुसात प्राणवायू घ्यायचा आणि अंगभर पोचता करायचा, ही त्याची हमाली. सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन ओझे घेते नीट, पण ओझे उतरवले की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या कडक काड्या बनतात. त्या काड्या पेशीला आतून ताणतात. वाटोळी पेशी लांबट, वाकडी, विळ्यासारखी होते. विळ्याशी आमचे जुने नाते आहे. झेंड्यावर तो शोभतो, शिवारात उपयोगी पडतो. पण केशवाहिनीत तो आडवा पडला की मागची सगळी वाहतूक बंद. पुन्हा प्राणवायू मिळाला तर पेशी बहुधा पूर्ववत होते. मात्र असे वारंवार झाले की ती कायमची ताठरते आणि लवकर फुटते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून रोग्याला रक्त कमी, डोळे पिवळे, आणि जिथे वाट अडली तिथे वेदना.

हे प्रथम पाहिले गेले ते अमेरिकेतल्या शिकागो शहरात. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण १९०४ साली रुग्णालयात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले उमेदवार डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स याने. १९१० साली प्रबंध प्रसिद्ध केला त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी. रोगाच्या इतिहासात नाव राहिले ते हेरिक यांचे. ज्यांनी कारखाने पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढची मोठी पायरी १९४९ सालची. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवले, तर ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. रोग्याच्या आईबापांसारख्या वाहकांच्या रक्तात दोन्ही जाती एकत्र मिळाल्या. एका रेणूच्या घडणीत फरक पडल्याने माणूस आजारी पडतो, असे त्या दिवशी प्रथमच दाखवले गेले. तो फरक किती मोठा? व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली तोही मोजला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात; त्यांतला सहावा मणी बदललेला. ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस्स. एवढ्या एका मण्यापायी माणसाचा खुबा कोसळतो.

तोवर जगात समजूत अशी होती की हा रोग आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. हिंदुस्थानात तो आहे याचा पुरावा १९५२ साली दोन ठिकाणांहून आला. लेमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो आढळला, आणि डनलॉप व मझुमदार या डॉक्टरांना आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. दुसऱ्या शोधाकडे आमचे लक्ष अधिक जाते. मळेवाल्यांनी मध्य आणि पूर्व भारतातून माणसे भरती करून आसामात नेली होती. त्यांच्या घामाचा हिशेब मळ्यांच्या वह्यांत असेल; त्यांच्या रक्तातली गोष्ट मात्र तिथे पोचल्यावर कोणी तरी पाहिली.

मग पाळी आली नागपूरची. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचे मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे टिपण १९५८ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या पत्रात आले. त्याच वर्षी डॉ. परांडे यांच्यासह त्यांचा भारतातल्या या रोगावरचा लेख 'ब्लड' या अमेरिकन पत्रात प्रसिद्ध झाला. त्या काळच्या परीक्षेला मोठी यंत्रे लागत नसत. बोटातून एक थेंब काढायचा, त्यात प्राणवायू शोषून घेणारे द्रव्य मिसळायचे, वरून पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. दोष असेल तर डोळ्यांदेखत पेशींचे विळे होतात. तोवर अशा रोग्याला आमवात झाला म्हणत, नाही तर क्षय, नाही तर बाहेरची बाधा. काचेवरच्या विळ्याने या साऱ्या नावांना उत्तर मिळाले.

नागपूरपाठोपाठ महाराष्ट्रभर पाहणी करण्याचे श्रेय पुष्कळसे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे. सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी अनेक वर्षे रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांनी आणि लिंगोजवार यांनी २००२ साली जो गोषवारा दिला त्यानुसार राज्यातल्या निरनिराळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकार यांच्यात ते २० टक्क्यांच्या वर. आपल्या वऱ्हाडातला यवतमाळ जिल्हा, तसेच नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नंदुरबार, यांतल्या प्रत्येक जिल्ह्यात पाच हजारांहून अधिक रोगी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. डॉ. काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

विदर्भात हा दोष अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास समाजांत अधिक दिसतो, म्हणून काही शहाणे त्याला "त्यांचा रोग" म्हणून मोकळे होतात. त्यांनी अ‍ॅलिसन यांचे १९५४ सालचे काम वाचावे. त्यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की ज्याच्या अंगात या दोषाची एकच प्रत असते, त्याला मलेरिया सहसा प्राणघातक होत नाही. म्हणजे जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष बाळगणारी लेकरे अधिक जगली. जंगलात कोणी राहायचे, गावाबाहेरच्या पाणथळीत कोणी, हे ज्या व्यवस्थेने ठरवले, आणि लग्ने जातीबाहेर होऊ नयेत असा बंदोबस्तही जिने केला, तिनेच हा दोष ठरावीक घरांत कोंडून ठेवला. रक्ताला त्यातले काही ठाऊक नसते.

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे वाळलेले लाकूड, अशी आपली समजूत असते. हाड जिवंत असते. त्याला रक्त लागते, आणि त्याच्या पोकळीतल्या मगजात नवे रक्त तयार होते. सिकलसेलमध्ये हाडावर दुहेरी मार बसतो. पेशी लवकर मरतात म्हणून मगजाला रात्रंदिवस जादा पाळी करावी लागते. तो फुगतो आणि हाडाच्या भिंती आतून पातळ होतात. आणि ज्या वाहिन्यांनी हाडाला अन्न पोचायचे, त्याच विळ्यांनी तुंबतात.

मूल जन्मतः ठीक असते. जेनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी १९४८ साली याचे कारण सुचवले: गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते, ते काड्या बनू देत नाही. सहा महिन्यांनी ते ओसरले की रोग डोके वर काढतो. पहिली खूण पुष्कळदा बाळाच्या हातापायांवर दिसते. पंजे फुगतात, गरम होतात, पोर रडून हैराण. घरचे म्हणतात, नजर लागली. पाणथरी सुजून पोट मोठे दिसू लागले, तर मेळघाटात अजूनही काही ठिकाणी तापल्या सळईचे चटके देतात. तिकडे त्याला डंबा म्हणतात. चटका देणाऱ्या आजीला दोष देण्याआधी, तिच्या पाड्यावर रक्ततपासणी केव्हा पोचली ते विचारावे.

वाढत्या वयात मांडीची, दंडाची, पाठीची हाडे धरतात. ही वेदना ज्याने पाहिली तो विसरत नाही. धडधाकट तरुण जमिनीवर लोळतो. आणि गंमत अशी की पहिल्या काही दिवसांत क्ष-किरणाच्या फोटोत काहीच दिसत नाही. हाड उपाशी असते, मोडलेले नसते. मणक्यांचा मधला भाग खचतो. मेलेल्या हाडात जंतू घर करतात, आणि त्यांत विषमज्वराच्या जातीचे जंतू या रोगात विशेष आढळतात. तेव्हा साधा ठणका कोणता आणि पू झालेला कोणता, हे ओळखताना चांगले डॉक्टरही चाचपडतात.

पण कामगाराला आयुष्यातून उठवणारी जागा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे वाटोळे, कमरेच्या वाटीत बसलेले. साऱ्या अंगाचा भार त्याच्यावर, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मात्र थोड्या आणि बारीक. त्या तुंबल्या की चेंडूचा भाग मरतो. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही महिने, कधी वर्षेही, ते उभे राहते. त्या काळात मांडीच्या सांध्यात दुखते, कधी नुसता गुडघाच दुखतो, आणि माणूस तेल चोळून कामावर जातो. पाठीवर ५० किलोचा कट्टा, पायऱ्यांची चढण, दिवसाला शेकडो फेऱ्या. एके दिवशी चेंडू चपटा होतो. त्यानंतर पाय आखूड पडतो आणि लंगडणे कायमचे.

असा एक पोरगा आमच्या पाहण्यात होता. डाळ मिलमध्ये हमाल, वय २६. महिन्यातून तीन-चार दिवस दांडी. मुकादमाने त्याचे नाव कामचुकारांच्या यादीत घातले. त्याने फोटो काढून आणला, तर फोटो साफ. मग तर खोटेपणाचाही शिक्का बसला. दोन वेळा काढले, दोन वेळा आम्ही भांडून परत घ्यायला लावले. तिसऱ्या वेळी तो स्वतःच आला नाही, कारण चालता येत नव्हते. नंतर कोणाला तरी सुचले आणि रक्त तपासले. डोळे नेहमी पिवळे असलेला एक भाऊ लहानपणी वारला होता, हे तेव्हा त्याच्या आईने सांगितले. तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते.

आईचा विषय निघाला म्हणून वंशाचा हिशेब सांगतो, कारण घराघरांत त्याचा उलटा अर्थ लावला जातो. या गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही दोषी असतील तर रोग. चिठ्ठीवर इंग्रजीत 'एस एस' लिहिलेले असते. एकच दोषी असेल तर 'ए एस', म्हणजे वाहक. वाहक हा रोगी नव्हे. तो शेत नांगरील, पोती वाहील, शंभरीही गाठील. त्याला कामावरून काढणे किंवा वाहक मुलीचे लग्न मोडणे हा निव्वळ अन्याय आहे. प्रश्न येतो तो दोन्ही वाहक एकत्र आल्यावर. त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निघण्याचा संभव चारात एक, वाहक निघण्याचा चारात दोन, पूर्ण मोकळे निघण्याचा चारात एक. "प्रत्येक" या शब्दावर जोर द्या. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. आणि दोषी प्रत बापाने दिल्याखेरीज मूल रोगी होत नाही, तेव्हा सारे खापर सुनेच्या माथी फोडणाऱ्यांनी आधी मुलाचे रक्त तपासावे.

तपासणीत एक खाच आहे. गावात होते ती पहिली स्वस्त परीक्षा, म्हणजे नळीतले रक्तमिश्रण गढूळ होते की नाही ते पाहणे. ती दोष आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रोगी कोण हे सांगत नाही. त्यासाठी विजेच्या प्रवाहाची, म्हणजे पॉलिंग यांच्या जातीची, किंवा तत्सम दुसरी परीक्षा लागते. पहिली चिठ्ठी हाती पडताच "सिकल निघाला" म्हणून हाय खाणारी माणसे आम्ही पाहिली, आणि दुसरी परीक्षा कधीच न केलेलीही.

उपचारांत जे मोठे काम झाले ते वॉटसनबाईंच्या त्या जुन्या निरीक्षणावर उभे आहे. गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला वाचवते, तर मोठेपणी ते वाढवता येईल काय? हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध ते वाढवते, आणि वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली अमेरिकेत प्रयोगाने सिद्ध झाले. इकडे ग्रॅहम सर्जंट आणि बी. सी. कार यांनी १९८६ साली ओडिशातल्या रोग्यांचा अभ्यास मांडला; आपल्याकडच्या रोग्यांत हे हिमोग्लोबिन जात्याच अधिक असते आणि रोग पुष्कळदा सौम्य राहतो, असे त्यातून दिसले. त्यावर काहींनी समाधान मानले. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांपासून मुलांवर लक्ष ठेवले, तेव्हा विदर्भातली कित्येक मुले चांगलीच आजारी निघाली. त्याच औषधाच्या कमी मात्रेने अशा मुलांना आराम पडतो, हे त्यांनी २०१२ साली दाखवले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, आणि देखरेखही सोपी. गरिबांच्या देशात या गोष्टीला महत्त्व आहे. औषध डॉक्टरच्या नजरेखाली, अधूनमधून रक्त मोजूनच घ्यायचे असते आणि गरोदरपणी चालत नाही. मेलेले हाड मात्र ते जिवंत करीत नाही. खुब्याचे दुखणे लवकर ओळखले तर भार काढून घेऊन किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काही काळ निभावते. चेंडू चपटा झाल्यावर उरतो तो कृत्रिम सांधा. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकांत बदल करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. ती रुपयांत सांगून आम्ही कोणाची झोप उडवू इच्छीत नाही.

औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. अंगातले पाणी आटले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि काड्या झपाट्याने बनतात. ताप, थंडीचा कडाका, दमछाक यांनीही तेच होते. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, आणि त्याच महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली माल भरला-उतरवला जातो. अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी असणे ही निरोगी माणसाची गैरसोय असेल. सिकलसेलच्या माणसाचा तो झटका असतो.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा संकल्प आहे. चांगली गोष्ट. नागपूरच्या टिपणापासून या दिवसापर्यंत ६५ वर्षे गेली. मधल्या काळात राज्यांनी काही कार्यक्रम केले, डॉ. काटे यांच्यासारखी माणसे पायपीट करीत राहिली. पण सबंध देशाने हा रोग आपला मानायला एवढी वर्षे घेतली, कारण रोगी मळ्यांत, पाड्यांत आणि गोदामांत होते.

आणि कायद्यात अजून एक गाठ आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश केला. प्रमाणपत्र मिळू शकते. परंतु सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात जे गट दिले आहेत, त्यांत रक्ताचे रोग नाहीत. अवयवांच्या हालचालीचे अपंगत्व आहे. याचा व्यवहारी अर्थ काय होतो? झटक्यांनी महिन्यातले चार दिवस लोळणाऱ्या तरुणाला त्या आरक्षणात जागा नाही. त्याचा खुबा ढासळून तो लंगडा झाला, की मग अर्ज करायला हरकत नाही. खाजगी गोदामात तर हाही प्रश्न नाही, तिथे लंगड्याला फाटकातूनच परत पाठवतात.

आमची मागणी म्हणून सोपी आहे. ३४ व्या कलमात रक्ताचे रोग घाला. आणि कायदा बदलेपर्यंत ज्याची चिठ्ठी 'एस एस' आहे त्याला पाठीवरचे काम देऊ नका, बसून करायचे द्या. डाळ मिलमध्ये अशी कामे नसतात असे मालकांनी आम्हाला सांगू नये. काट्यावर वजन लिहून घ्यायला माणूस लागतो, कट्ट्यांची तोंडे शिवणाऱ्या यंत्रावर माणूस लागतो, आवक-जावकीच्या वहीवर माणूस लागतो. त्या २६ वर्षांच्या पोराला अक्षर चांगले होते.